सेवा सहकारी संस्थेच्या गोदामातील वस्तूंचे प्रमाण दर

धान पिकविणारा शेतकरी रोवणीच्या दिवसांत संस्थेच्या गोदामातून खत नेतो आणि मळणीनंतर आधारभूत खरेदी केंद्रावर धान घालतो. या दोन्ही व्यवहारांचे हिशेब आता वहीतून संगणकात जात आहेत. देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतपुरवठा सहकारी संस्थांच्या संगणकीकरणाची योजना केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये मंजूर केली. संगणकास एकदा दर सांगितला की प्रत्येक पावतीवर तोच दर उमटतो. दर चुकलेला असेल तर प्रत्येक पावती चुकते. म्हणून भंडारा जिल्ह्यातील गटसचिवांनी व ग्रामसेवकांनी हा विषय नीट समजून घ्यावा.

प्रमाण दर म्हणजे काय?

वस्तूच्या नोंदीत आगाऊ भरून ठेवलेला दर म्हणजे प्रमाण दर होय. तो खरेदीचा व विक्रीचा असा दोन प्रकारचा असतो. दराबरोबर परिमाण आणि अंमलाची तारीख या दोन गोष्टी भराव्या लागतात.

परिमाण

२०२५ मध्ये युरियाच्या ४५ किलोच्या गोणीची कमाल विक्री किंमत २६६ रुपये ५० पैसे होती. परिमाण ‘किलो’ ठेवून ५.९२ रुपये दर भरल्यास गोणीमागे संस्थेचे १० पैसे बुडतात. ५.९३ भरल्यास शेतकऱ्याकडून ३५ पैसे अधिक घेतले जातात आणि तो नियमभंग ठरतो. यास्तव परिमाण ‘गोणी’ ठेवावे व एक गोणी म्हणजे ४५ किलो अशी नोंद करावी.

अंमलाची तारीख

साधारण धानाचा आधारभूत दर २०२४-२५ च्या हंगामात क्विंटलला २,३०० रुपये होता. २०२५-२६ साठी तो २,३६९ रुपये झाला. नवा दर भरावयाचा राहून गेला, तर २० क्विंटल धान घालणाऱ्याच्या नावे १,३८० रुपये कमी मांडले जातील. मात्र नवा दर भरताना जुना दर खोडू नये. नव्या तारखेची वेगळी ओळ घालावी, म्हणजे मागील तारखेच्या पावतीस त्या वेळचाच दर लागेल व लेखापरीक्षणात अडचण येणार नाही.

गोदामातील जुन्या गोण्या

काही खतांची छापील किंमत वाढते, तेव्हा जुन्या किमतीच्या गोण्या गोदामात शिल्लक असतात. केवळ तारखेने दर बदलल्यास त्या गोण्यांनाही नवा दर लागेल. छापील किमतीपेक्षा अधिक घेता येत नाही. म्हणून नव्या किमतीचा माल वेगळ्या लॉटने अथवा वेगळ्या वस्तूच्या नावाने नोंदवावा.

वर्षअखेरची शिल्लक

३१ मार्चच्या शिल्लक मालाचे मूल्य प्रमाण विक्रीदराने काढू नये. खरेदीखर्च आणि विकून मिळू शकणारी निव्वळ रक्कम यांपैकी जी कमी, ती धरावी. अन्यथा न झालेला नफा ताळेबंदात दिसू लागतो आणि सभासदांची दिशाभूल होते.

शेतकरी बंधूंनी काय पाहावे?

खत नियंत्रण आदेश, १९८५ अन्वये विक्रेत्याने साठा व दर यांचा फलक लावणे आणि ग्राहकास पावती देणे बंधनकारक आहे. फलक, गोणीवरील छापील किंमत व पावती यांवरील आकडे ताडून पाहावेत. तफावत आढळल्यास त्याच वेळी गटसचिवाच्या निदर्शनास आणावी. एका शेतकऱ्याने दाखविलेली चूक दुरुस्त झाली, तर पुढील सर्वांच्या पावत्या बिनचूक निघतील.