अ‍ॅपचा भार आणि फोनची कुवत

पन्हाळा तालुक्यातील कोडोली आणि तिला लागूनच वसलेले वारणानगर हा परिसर ऊस, साखर आणि दूध यांच्या सहकारासाठी सर्वपरिचित असला, तरी ग्रामीण भारतातील माहिती-तंत्रज्ञानाच्या इतिहासातही त्याची स्वतंत्र नोंद आहे. १९९८ मध्ये केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा सहकारी समूह यांनी मिळून कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावांसाठी ‘वायर्ड व्हिलेजेस’ हा प्रकल्प हाती घेतला आणि गावोगावी संगणक केंद्रे उघडली. शेतकऱ्याला बाजारभावापासून शेतीसल्ल्यापर्यंत सर्व काही या केंद्रांवर मिळावे अशी कल्पना होती. प्रत्यक्षात त्यांचा मुख्य उपयोग कारखान्याच्या उसाची माहिती देण्याघेण्यासाठीच होत राहिला. पुढे बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडिया या संस्थेतील संशोधकांनी हे पाहून सात गावांत आठ महिने एक प्रयोग केला, ज्यात संगणकाऐवजी साधा मोबाइल आणि एसएमएस एवढ्यावरच सारे काम चालवले गेले. संगणकावर होणारी सर्व कामे एसएमएसवर झाली, खर्च कमी आला, सोय वाढली आणि शेतकऱ्यांनाही हीच पद्धत अधिक पसंत पडली, असा निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधात नोंदलेला आहे.

या प्रयोगातील एसएमएसची मर्यादा आजच्या वाचकाला अविश्वसनीय वाटेल इतकी कडक होती. बाइट हे संगणकातील माहिती मोजण्याचे मूलभूत माप असून रोमन लिपीतील एका अक्षराला साधारण एक बाइट लागतो. एका एसएमएसमध्ये अवघे १४० बाइट मावतात, म्हणजे खास आखलेल्या आटोपशीर संकेतात रोमन लिपीची १६० अक्षरे किंवा देवनागरीची ७० चिन्हे. उसाचे वजन, तोडणीची तारीख, खताची पोती ही माहिती तेवढ्यात बसत होती. आज याच स्वरूपाची माहिती देणारे किंवा घेणारे अ‍ॅप ५० एमबीचे असले तर ते हलकेच समजले जाते, आणि ५० एमबी म्हणजे पाच कोटी बाइट. तेवढ्या जागेत साडेतीन लाखांहून अधिक एसएमएस राहू शकतात. शेतकऱ्याच्या उसाची माहिती काही साडेतीन लाख पटींनी वाढलेली नाही. वाढला आहे तो त्या माहितीभोवतीचा पसारा, आणि त्याचा भार ज्याच्या हातात फोन आहे त्याला सोसावा लागतो.

‘मेमरी फुल झाली’ हे वाक्य मोबाइलच्या दुकानात सतत कानावर पडते, पण त्यात दोन वेगळ्या अडचणी एकत्र झालेल्या असतात. फोनमध्ये रॅम आणि स्टोरेज अशा दोन प्रकारच्या स्मृती असतात. कोल्हापूरकडच्या वाचकाला हा फरक गुऱ्हाळावरून चटकन उमजेल: स्टोरेज ही गुळाच्या ढेपा रचून ठेवण्याची वखार, तर रॅम ही चुलाणावरची काहील, वखार कितीही प्रशस्त असली तरी एका वेळी किती रस आटेल हे काहिलीच्या आकारावरच ठरते. अ‍ॅप स्टोरेजमध्ये झोपलेले असते. त्यावर बोट ठेवले की त्याचा चालता भाग रॅममध्ये येतो. रॅमची आज प्रचलित असलेली रचना आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांनी १९६६ मध्ये शोधली. तीत प्रत्येक अंक एका सूक्ष्म विद्युतभाराच्या रूपात राहतो आणि तो भार गळत असल्यामुळे सेकंदातून कित्येकदा पुन्हा भरावा लागतो, म्हणूनच फोन बंद होताच रॅममधले सर्व काही पुसले जाते. स्टोरेज ज्यावर उभे आहे ती फ्लॅश मेमरी तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात विकसित केली. तिच्यात भार बंदिस्त राहतो, त्यामुळे फोन बंद असतानाही फोटो आणि अ‍ॅप जागच्या जागी राहतात, मात्र तिचा वेग रॅमच्या तुलनेने फारच कमी असतो.

रॅम अपुरी असली की नेमके काय घडते, हे पाहण्यासाठी एखाद्या सरकारी योजनेचे अ‍ॅप पुरेसे आहे. वापरणारी व्यक्ती नाव, आधार क्रमांक, गट क्रमांक अशी माहिती भरत जाते आणि मध्येच ‘फोटो काढा’ असे बटण येते. ते दाबल्यावर कॅमेरा सुरू होतो आणि कॅमेऱ्याला बरीच रॅम लागते. रॅम मोठी असेल तर दोन्ही अ‍ॅप्स एकाच वेळी जागी राहतात. ती लहान असेल तर अँड्रॉइड ही फोनची मूळ कार्यप्रणाली जागा मोकळी करण्यासाठी मागे गेलेले अ‍ॅप गुपचूप बंद करून टाकते. फोटो काढून परत यावे तर फॉर्म कोरा. अर्धवट भरलेली माहिती तात्पुरती स्टोरेजमध्ये लिहून ठेवण्याची सोय अँड्रॉइडमध्ये आहे, परंतु ती वापरायची की नाही हे अ‍ॅप घडवणाऱ्याच्या हाती असते. ज्याने ते भारी फोनवरच तपासून पाहिले, त्याच्या ही उणीव कधी लक्षातच येत नाही. फोन वापरणाऱ्याला मात्र ‘फोन हँग होतो’ एवढेच दिसते आणि दोष आपल्या अडाणीपणाचा आहे असे वाटत राहते, ही या साऱ्या प्रकरणातील सर्वांत खेदाची बाब होय.

महाराष्ट्रात ही अडचण एका मोठ्या आंदोलनाच्या रूपाने चव्हाट्यावर आली. पोषण अभियानाखाली राज्यातील अंगणवाडी सेविकांना देण्यात आलेल्या फोनची रॅम २ जीबी होती. २०२१ मध्ये ‘पोषण ट्रॅकर’ हे नवे अ‍ॅप आले आणि बालकांची वजने-उंची, गरोदर मातांच्या नोंदी, आहारवाटप हे सर्व त्यावर भरणे बंधनकारक झाले. फोन तापतात, अडकतात, अ‍ॅप नीट चालत नाही आणि ते मराठीत नाही, अशा तक्रारी सेविकांच्या संघटनांनी केल्या आणि ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर हजारो सेविकांनी हे फोन शासनाला परत केले. नवे, चांगल्या क्षमतेचे फोन मिळावेत ही मागणी पुढील काळातील संपांमध्येही होती. या आंदोलनाकडे केवळ मानधनाच्या लढ्याचे उपांग म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. अ‍ॅपचा भार आणि फोनची कुवत यांची सांगड घालणे ही अ‍ॅप व फोन देणाऱ्याची जबाबदारी आहे, हे तत्त्व या सेविकांनी विद्वत्सभेत न मांडता रस्त्यावर उतरून मांडले, आणि त्यासाठी त्यांचा आदरच केला पाहिजे.

स्टोरेजची टंचाई रॅमच्या टंचाईपेक्षा वेगळ्या वाटेने येते. खोक्यावर ६४ जीबी छापलेले असते. निर्माता एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट असे धरतो, तर संगणकशास्त्रातील जुन्या दुपटीच्या मोजणीत तो आकडा सुमारे १०७ कोटी आहे, त्यामुळे दुसऱ्या मापाने मोजल्यास ६४ चे ५९.६ उरतात. त्यातून अँड्रॉइड स्वतःचा मोठा हिस्सा घेते आणि कंपनीने आधीच भरून दिलेली, काढून टाकता न येणारी अ‍ॅप्स आणखी काही जागा व्यापतात. १६ जीबीच्या फोनमध्ये ही वजाबाकी झाल्यावर हाती फार थोडे राहते. उरलेल्या जागेवर मजकुराचा ताण जवळजवळ नसतो: देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला प्रचलित पद्धतीत तीन बाइट लागतात हे धरूनही दोन हजार चिन्हांचे एक पान सहा हजार बाइटांत मावते, तर मोबाइलचा एकच फोटो सहज तीन एमबीचा, म्हणजे अशा पाचशे पानांएवढा असतो. फुलांनी भरलेली सुप्रभाताची चित्रे रोज सकाळी पाठवण्याच्या भारतीय प्रथेमुळे फोन भरून जातात, हे गूगलच्या संशोधकांच्याही लक्षात आले होते. डिसेंबर २०१७ मध्ये त्या कंपनीने आणलेल्या ‘फाइल्स गो’ या अ‍ॅपमध्ये अशी चित्रे हुडकून पुसण्याची सोय लवकरच देण्यात आली.

जागा शिल्लक दिसत असूनही अ‍ॅप अद्ययावत होत नाही, हा अनुभवही सार्वत्रिक आहे. त्याचे कारण असे की उतरवून घेताना अ‍ॅप दाबून लहान केलेले असते. ते उलगडावे लागते, फोनच्या प्रोसेसरला वेगाने वाचता येईल अशा रूपात बदलावे लागते, आणि हे काम पुरे होईपर्यंत जुनी आवृत्तीही जागेवर ठेवावी लागते. म्हणून शंभर एमबीच्या अपडेटला शंभर एमबी जागा पुरत नाही. त्यातच फ्लॅश मेमरीचा एक स्वभाव आड येतो. तिच्यावर लिहिता येते लहान लहान पानांत, पण पुसता येते ते अनेक पानांच्या मोठ्या गठ्ठ्यानेच. त्यामुळे मोकळे गठ्ठे संपत आले की एक पान लिहिण्यासाठी आतल्या आत बरीच हलवाहलव करावी लागते आणि फोन रेंगाळू लागतो. स्टोरेजचा काही भाग कायम रिकामा ठेवावा, या सल्ल्याचे मूळ येथे आहे.

अ‍ॅप्स फुगतात का, याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. २००८ मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या अँड्रॉइड फोनची रॅम १९२ एमबी होती आणि त्यावर नकाशे, ईमेल व इंटरनेट चालत असे. त्यानंतर पडदे सुस्पष्ट झाले म्हणून चित्रे मोठी झाली. ३२ ऐवजी ६४ बिटांचे प्रोसेसर आले म्हणून आज्ञावली जाड झाली. सुरक्षेच्या गरजा खरोखरच वाढल्या. ही वाढ समर्थनीय आहे. परंतु तयार आज्ञावलींचे संच, ज्यांना लायब्ररी म्हणतात, ते गरज एका भागाची असताना अख्खेच्या अख्खे अ‍ॅपमध्ये घालणे, जाहिराती आणि वापरकर्त्याच्या हालचाली टिपणारे भाग जोडत जाणे, एकाच अ‍ॅपमध्ये पैसे, खरेदी, व्हिडिओ आणि कर्ज कोंबणे, या वाढीला तसे समर्थन नाही. संगणकशास्त्रज्ञ निकलाउस विर्थ यांनी १९९५ मध्येच असे मांडले होते की यंत्रे जितक्या वेगाने सुधारतात त्याहून अधिक वेगाने सॉफ्टवेअर मंदावत जाते, आणि यामागे निकडीपेक्षा शिस्तीचा अभाव अधिक असतो. अ‍ॅप बारीक करण्याचे कष्ट निर्मात्याने करायचे आणि त्याचा लाभ परक्याच्या फोनला व्हायचा, अशी ही विषम मांडणी असल्यामुळे ते कष्ट आपसूक होत नाहीत. गूगलने ऑगस्ट २०२१ पासून प्ले स्टोअरवरील नव्या अ‍ॅप्ससाठी ‘अ‍ॅप बंडल’ ही पद्धत सक्तीची केली, ज्यामुळे प्रत्येक फोनला त्याच्या पडद्यापुरता आणि प्रोसेसरपुरताच भाग पाठवला जातो; म्हणजे मनात आणले तर वजन उतरवता येते.

मोठा फोन घ्यावा, हे उत्तर दिसते तितके सोपे नाही. स्वस्त फोनच्या जाहिरातीत ‘८ जीबी रॅम’ असे ठळक लिहून खाली बारीक अक्षरांत ‘४ + ४’ असे असू शकते. त्यातील दुसरे ४ जीबी म्हणजे स्टोरेजचाच एक तुकडा रॅम म्हणून वापरण्याची सोय असते, जी खऱ्या रॅमच्या वेगाची नसते, आणि तिच्यासाठी स्टोरेजही खर्ची पडते. शिवाय २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या महाकाय संगणक केंद्रांनी स्मृतिचिपांची मागणी इतकी वाढवली की त्यांचे भाव झपाट्याने चढले, तेव्हा दरवर्षी त्याच पैशात अधिक रॅम मिळेल हा जुना भरवसा धरून राहता येत नाही. यंत्र मोफत मिळाले तरी क्षमतेचा प्रश्न उरतोच. महाज्योती या संस्थेमार्फत प्रवेश परीक्षांच्या विद्यार्थ्यांना मोफत टॅबलेट आणि इंटरनेट दिले जाते, हे स्वागतार्हच आहे. मात्र व्याख्यानांचे व्हिडिओ पाहण्यासाठी दिलेल्या यंत्रात इंटरनेट कितीही असले, तरी उतरवून ठेवलेले व्हिडिओ शेवटी स्टोरेजमध्येच मावावे लागतात.

घरच्या घरी करता येण्याजोग्या उपायांत एक फरक ओळखणे अत्यावश्यक आहे. फोनच्या सेटिंगमध्ये प्रत्येक अ‍ॅपसमोर ‘कॅशे’ आणि ‘डेटा’ असे दोन पर्याय असतात. कॅशे म्हणजे पुन्हा लागल्यास पटकन मिळावी म्हणून ठेवलेली तात्पुरती प्रत. ती पुसल्याने मूळ माहितीला धक्का बसत नाही. डेटा पुसला तर अ‍ॅप नवे टाकल्यासारखे कोरे होते. राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी स्वतः शिवारात उभा राहून पिकाचा फोटो अक्षांश-रेखांशासह नोंदवू लागला. वारणाकाठच्या उंच उसात रेंज नसताना अशा एखाद्या अ‍ॅपमध्ये साठवून ठेवलेली आणि अद्याप अपलोड न झालेली नोंद, जागा करण्याच्या घाईत डेटा पुसला की कायमची जाते. मेमरी कार्डाचा आधार फोटो-व्हिडिओंपुरता खरा आहे. बहुतेक अ‍ॅप्स आणि त्यांची माहिती मात्र फोनच्या अंगभूत स्टोरेजमध्येच राहते, आणि रॅमशी तर कार्डाचा काहीच संबंध नसतो.

तरीही व्यक्तीने पुसापुसी करीत राहावे, एवढ्यावर हा प्रश्न सोडून देणे न्याय्य नाही. खासगी अ‍ॅप नको असेल तर ते काढून टाकता येते. पीक नोंद, पोषण, पीकविमा, अनुदान यांची सरकारी अ‍ॅप्स काढून टाकण्याचे स्वातंत्र्य शेतकऱ्याला किंवा सेविकेला नसते. म्हणून अशा अ‍ॅपचे कंत्राट देतानाच ते किमान किती रॅमच्या आणि किती जुन्या फोनवर चालले पाहिजे, त्याचा आकार किती एमबीच्या आत राहिला पाहिजे, कॅमेऱ्यातून परतल्यावर भरलेली माहिती शाबूत राहते की नाही, हे लेखी ठरवून त्याची चाचणी गावातील प्रत्यक्ष फोनवर घेतली जावी आणि तिचा निकाल जाहीर व्हावा. प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर हीच चाचणी पुन्हा व्हावी, कारण पहिल्या दिवशी हलके असलेले अ‍ॅप दोन वर्षांत जड होते. ज्यांना स्मार्टफोनच परवडत नाही त्यांच्यासाठी नोंद करण्याची एसएमएस किंवा कॉलवरची वाटही खुली ठेवता येईल. कोडोलीच्या शेजारच्या गावांनी तशी वाट चालून दाखवली, त्याला आता वीस वर्षे होत आली आहेत.