घरच्या धिंगरीची निगा



मेडशी भागात सोयाबीनचे कुटार घरोघर असते. त्यावर धिंगरी आळिंबी छान येते. तयार पिशवी आणली की निम्मे काम झाले; उरलेले काम ओलावा राखण्याचे.

पंधरा-वीस दिवसांत पिशवी पांढऱ्या बुरशीने भरली की प्लॅस्टिक कापून काढावे. बेड अंधुक उजेडाच्या, हवा खेळत्या खोलीत टांगावा. तापमान २० ते ३० अंश व हवेत ८० ते ८५ टक्के ओलावा हवा. म्हणून आपल्याकडे हिवाळाच बरा. उन्हाळ्यात या नादी लागू नका.

भिंतीला ओले गोणपाट लावावे. दिवसातून दोन-तीनदा बारीक फवारा मारावा. उसासारखे पाणी सोडाल तर बेड सडेल. औषध मारलेला पंप मात्र मुळीच वापरू नये. ही भाजी आपण खाणार आहोत.

कडा वर वळण्याआधी धिंगरी पिळून काढावी. उशीर झाल्यास बीजाणू उडून खोकला लागतो. आठ-दहा दिवसांनी दुसरा तोडा येतो. हिरवी बुरशी दिसलेला बेड लगेच बाहेर काढावा. उरलेले कुटार खतखड्ड्यात टाकावे.

रानातली अनोळखी छत्री मात्र कधीही खाऊ नये.

— ऊस विकास अधिकारी