दिव्या-हम्पी: चार डावांची झुंज

बीड, परळी, अंबाजोगाई, केज... जिल्ह्यात पट मांडून बसणाऱ्या सगळ्यांसाठी ही पोस्ट. तोडीस तोड लढत कशाला म्हणतात, हे बघायचं असेल तर २०२५च्या महिला बुद्धिबळ विश्वचषकाची अंतिम फेरी काढा. ठिकाण जॉर्जियातलं बटुमी. एका बाजूला नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख, दुसऱ्या बाजूला ३८ वर्षांची कोनेरू हम्पी. हम्पी ग्रँडमास्टर झाली २००२ मध्ये. तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता!

२६ आणि २७ जुलैचे दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत सुटले. मग टायब्रेक: प्रत्येकीला १५ मिनिटं आणि दर चालीला १० सेकंद जादा. इथे पारडं हम्पीचं जड वाटावं, कारण ती त्या वेळी रॅपिडची विश्वविजेती होती.

पहिला रॅपिड डावही बरोबरीत.

दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी. डाव लांबला, घड्याळ पळू लागलं, चुका दोघींच्याही झाल्या. शेवटची चूक मात्र हम्पीकडून झाली आणि दिव्या २.५-१.५ अशी जिंकली. अशा तंगीत पटाइतकंच घड्याळही सांभाळावं लागतं, हे नवख्या खेळाडूंनी या डावातून जरूर बघावं.

स्पर्धेला आली तेव्हा दिव्याकडे ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म नव्हता. विजेतेपदासोबत तो किताबच थेट मिळाला आणि ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर ठरली.