सीडी विकायची की देणगी मागायची? मुक्त सॉफ्टवेअरचा खर्च कसा भागतो

हल्लीच्या बहुतेक लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नसते. माझ्या कपाटात मात्र उबंटूची एक सीडी अजून आहे. २०११ पर्यंत मागेल त्याला ती पोस्टाने घरपोच यायची, तीही फुकट! त्यामुळे मला वाटायचं, मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे फुकटच. पण तसं नाही. मुक्त म्हणजे कोड बघायची, बदलायची, वाटायची मोकळीक. तो विकायलाही बंदी नाही.

मग पैसा येतो कुठून? ओपनबीएसडीचं उदाहरण घेऊ. ही ऑपरेटिंग सिस्टीम थिओ डी राड्ट यांनी १९९५ मध्ये कॅनडात सुरू केली. नवी आवृत्ती साधारण दर सहा महिन्यांनी येते. डाउनलोड फुकट, पण सीडीचा संच विकत मिळायचा. इंटरनेट हळू होतं तेव्हा लोक तो आनंदाने घ्यायचे.

नेट वेगवान झालं तशी सीडीची गरज संपत गेली. जानेवारी २०१४ मध्ये तर सर्व्हरचं सुमारे २० हजार डॉलरचं वीजबिल भरायची पंचाईत झाली. प्रकल्प बंद पडू शकतो, असं जाहीर करावं लागलं. मग देणग्या आल्या आणि संकट टळलं. २०१६ ची ६.० ही सीडीवर आलेली शेवटची आवृत्ती.

दोन्ही मार्गांत फरक काय? सीडीत घेणाऱ्याच्या हातात वस्तू पडते, म्हणून प्रत्येक आवृत्तीला पैसे आपोआप यायचे. पण छपाई आणि टपालात त्यातले बरेच जायचे. देणगीत हा खर्च नाही, पण सक्तीही नाही. आग लागली की सगळे धावतात, एरवी कोणाला आठवण नसते. मोठ्या कंपन्या देतात, पण एखादीने हात आखडता घेतला की खड्डा पडतो. म्हणून मला वाटतं, अनेकांनी थोडं थोडं पण नियमित देणं हेच जास्त भरवशाचं.

‘याच्याशी माझा काय संबंध?’ असं वाटतंय? तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये बायोनिक नावाची लायब्ररी असते, जवळपास प्रत्येक ॲप तिच्यावर चालतं. तिच्यात ओपनबीएसडीचा बराच कोड आहे. म्हणजे ते वीजबिल थोडंफार आपलंही होतं.

तुमच्या फोनमधलं एखादं मुक्त ॲप रोज उपयोगी पडत असेल, तर वर्षातून एकदा चहा-वडापावाएवढी रक्कम द्या. फक्त प्रकल्पाच्या अधिकृत साइटवरूनच, फॉरवर्ड होऊन आलेल्या लिंकवरून नको.