10 बाय 10 च्या खोलीत कुठले स्पीकर घ्यायचे?

जळोचीत किंवा बारामतीत शिकायला, नोकरीला आलेल्यांची खोली साधारण कशी असते? 10 बाय 10, वर स्लॅब, खाली फरशी, एका भिंतीला लोखंडी कपाट, दुसऱ्या भिंतीला पलंग. अशा खोलीसाठी स्पीकर बघायला गेलं की आधी वॅट सांगितले जातात, मग सबवूफर वाजवून दाखवतात. दुकानात छाती हलते. खोलीवर आणला की तोच बास नुसता घुमतो, गाण्याचे शब्द कळत नाहीत आणि शेजारचा भिंत ठोकतो.

यात स्पीकरपेक्षा खोलीचा हात मोठा. आवाजाची लाट समोरासमोरच्या भिंतींवर आपटून परत येते. लाटेची अर्धी लांबी भिंतींमधल्या अंतराएवढी झाली, की तो एकच सूर फुगतो. गणित सोपं आहे: आवाजाचा वेग सेकंदाला साधारण 343 मीटर, त्याला अंतराच्या दुपटीने भागायचं. 10 फूट म्हणजे 3.05 मीटर, उत्तर 56 हर्ट्झ. लांबी-रुंदी सारखीच, म्हणून दोन्हीकडून तोच 56. छतही 10 फुटांवर असेल तर तिसऱ्यांदा तोच! 10 बाय 12 मध्ये निदान एक सूर 47 वर सरकतो. आणि सबवूफर जोर लावतो तो नेमका याच पट्ट्यात.

म्हणून माझं स्पष्ट मत: या खोलीत सबवूफर नको. 3 ते 4 इंची वूफर असलेली, आतच ॲम्प्लिफायर असलेली छोटी जोडी घ्या. छोटा डबा म्हणजे कमी दर्जा असं अजिबात नाही. बीबीसीने 1970 च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी एलएस3/5ए नावाचा स्पीकर बनवला, उंची जेमतेम 30 सेंटीमीटर. बोलण्याचा आवाज खरा ऐकू यावा ही त्यातली मुख्य गरज होती. आजही लोक तो शोधून विकत घेतात.

वॅटचं म्हणाल तर पीएमपीओचा हजारांतला आकडा सरळ सोडून द्या, आरएमएस विचारा. वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो फक्त 3 डेसिबलने. एक-दीड मीटरवर बसून ऐकायला 15-20 वॅट आरएमएस पुष्कळ झाले.

खरी करामत ठेवण्यात आहे. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण करा, बाजू साधारण एक मीटर. ट्वीटर कानाच्या उंचीला हवा. टेबल बुटकं असेल तर स्पीकरचं तोंड थोडं वर करा. कोपऱ्यात ठेवलात तर बास आणखी फुगेल. डब्याच्या मागे हवेचं भोक असेल तर भिंतीपासून वीतभर तरी जागा सोडा. गादी, जाड पडदा, उघड्या मांडणीवरचे कपडे यांनी वरचे सूर मऊ होतात, टाळी वाजवल्यावरचा झणझणाट कमी होतो. बासवर मात्र पडद्याचा काही उपयोग नाही.

ब्लूटूथ गाण्यांना ठीक, पण गेम खेळताना आवाज मागे पडतो. तेव्हा वायर लावा. फोनला हेडफोनचं छिद्र नसेल तर टाइप-सी डॅक मिळतो.

ऑनलाइन घेताना परत करण्याची मुदत बघा आणि त्या मुदतीतच एक चाचणी करा. टोन जनरेटर ॲपवर हळू आवाजात 40 पासून 200 हर्ट्झपर्यंत सावकाश जा. एखाद्या आकड्यावर आवाज एकदम फुगला तर स्पीकर वीतभर पुढे घ्या, नाहीतर स्वतः सरका. भिंतीला डोकं टेकून बसलात तर बास जास्तच येणार. मध्येच खडखड आली तर आधी कपाटाच्या दारावर हात ठेवून बघा. थांबली तर कपाट. कपाट, खिडकी, टेबल सगळं धरूनही थांबली नाही तर स्पीकर परत पाठवा.