भिंतीवरची भेग काय सांगते?

समजा, एक कुटुंब जव्हारला किंवा मोखाड्याला जुने घर विकत घेणार आहे. घर पाहायला मंडळी मे महिन्यात जातात. भिंतींना नवा रंग दिलेला असतो, जमीन कोरडी आणि टणक असते. पण घराची खरी परीक्षा पावसाळ्यात होते. आयुष्यभराची पुंजी घालण्यापूर्वी घराखालची जमीन खचते आहे की काय, हे कसे ओळखावे?

जव्हार सुमारे ४५० मीटर उंचीच्या पठारावर वसले आहे. हा सारा भाग बेसॉल्ट, म्हणजे काळ्या कातळाचा. कातळावर टेकलेला पाया सहसा खचत नाही. मात्र उतारावर घर बांधताना वरची बाजू तोडून ती माती खालच्या बाजूला भरतात. मग अर्धे घर मूळ जमिनीवर आणि अर्धे भरावावर उभे राहते. सैल भरावातील कणांमध्ये पोकळ्या असतात. त्यांत पावसाचे पाणी शिरले, की कण घसरून जवळजवळ येतात आणि भराव दबतो.

सगळे घर सारखे खचले तर भिंतींवर फारसा ताण येत नाही. एकच बाजू खचली तर मात्र येतो. कुडाची भिंत थोडी वाकते. विटांची भिंत तडकते.

प्रत्येक भेग धोक्याची नसते. गिलाव्यावरच्या केसासारख्या बारीक भेगा बहुधा गिलावा सुकताना पडलेल्या असतात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी गेलेली भेग मात्र नीट पाहावी. ती वर रुंद आणि खाली अरुंद असेल, तर बहुधा भिंतीचे टोक खचले आहे. याउलट असेल, तर मधला भाग खचला असावा. पावसात लाकूड फुगूनही दार अडते. म्हणून चौकट काटकोनात आहे का, हे गुण्या लावून पाहावे.

आता महत्त्वाचा प्रश्न: भेग थांबली आहे की वाढते आहे? पुष्कळदा भराव पहिल्या काही पावसाळ्यांत दबतो आणि मग स्थिरावतो. म्हणून घर जुने असणे हा नेहमीच दोष नव्हे. अनेक पावसाळे सोसून सरळ उभी असलेली भिंत ही चांगली साक्ष आहे. शंका असल्यास भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खुणा करून त्यांतील अंतर दरमहा मोजावे. निदान एक पावसाळा तरी हे करावे. अंतर वाढले, तर जाणत्या अभियंत्याला दाखविल्याशिवाय व्यवहार करू नये.

पागोळ्यांचे पाणी जोत्याशी मुरते की दूर वाहून जाते, हेही पाहावे. शेवटी घरामागचा डोंगर पाहावा. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर दरड कोसळली आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. अशा उताराखाली घराची भिंत कितीही मजबूत असली, तरी तिचा उपयोग नाही.

करून पाहा: एका ट्रेच्या अर्ध्या भागात माती ठोकून घट्ट बसवा, अर्ध्या भागात सैल ठेवा. दोन्हींवर मिळून काड्यापेट्यांची भिंत रचा आणि झारीने पाणी घाला. भिंत कोठे उघडते ते पाहा.