दोन तारांवरचा भरवसा

मायको कंपनीचं नाव २००८ साली बॉश झालं, तरी नाशिककरांच्या तोंडी त्र्यंबक रस्त्यावरचा चौक मायको सर्कलच राहिला. सातपूरच्या कारखान्यातले डिझेल नोझल आणि इंजेक्टर शहराला माहीत आहेत. याच बॉशच्या जर्मनीतल्या अभियंत्यांनी गाडीच्या अंतर्गत संवादाची पद्धतही घडवली. 'कॅन' या नावाने त्यांनी ती १९८६ मध्ये डेट्रॉइटच्या परिषदेत मांडली.

तोवर कामागणिक वेगळी वायर ओढावी लागे. गाडीत इलेक्ट्रॉनिक्स वाढलं तशी वायरिंगची जुडी जाड आणि महाग होत गेली. कॅनने सगळे ईसीयू, म्हणजे गाडीतले छोटे संगणक, पीळ दिलेल्या दोन तारांवर आणले. कुणीही निरोप टाकावा, ज्याला हवा त्याने घ्यावा. दोन निरोप एकदम निघाले तर लहान क्रमांकाचा आधी जातो, त्यामुळे महत्त्वाचा निरोप अडत नाही. फार सुंदर रचना आहे ही. पण निरोपावर क्रमांक असतो, पाठवणाऱ्याची ओळख नसते. शिवाय एका निरोपात जास्तीत जास्त ८ बाइट मजकूर मावतो, मग खरेपणाची खूण ठेवणार कुठे? त्या काळी गाडीचा बाहेरच्या जगाशी संबंधच नव्हता, म्हणून हे कुणाला खुपलं नाही.

 पुढे प्रदूषणाच्या नियमांबरोबर गाड्यांत स्टिअरिंगखाली बिघाड तपासण्याचं ओबीडी पोर्ट आलं. स्कॅनर लावला की बिघाडाचा कोड दिसू लागला, मेकॅनिकचं काम सोपं झालं.

त्याच पोर्टमधून आत शिरून अमेरिकी विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०१० मध्ये चालत्या गाडीचे ब्रेक निकामी करून दाखवले. २०१५ मध्ये दोन संशोधकांनी गाडीला हातही न लावता, मोबाइल नेटवर्कवरून, जीप चेरोकीचा ताबा घेतला. कंपनीला १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी बोलवाव्या लागल्या. २०२३ मध्ये लंडनमधल्या एका टोयोटाच्या चोरीचा उलगडा झाला. चोरांनी हेडलाइटजवळच्या वायरी उघड्या केल्या, त्यातून 'किल्ली खरी आहे' असा खोटा निरोप सोडला, आणि गाडीने तो मानला.

उपाय नव्हते असं नाही. २०१२ च्या कॅन एफडीत ६४ बाइट मावतात, म्हणजे खुणेला जागा झाली. मनोरंजनाची यंत्रणा आणि ब्रेक यांच्यामध्ये निरोप गाळणारे गेटवे बसू लागले. मात्र सक्तीला वेळ लागला. संयुक्त राष्ट्रांचा वाहनांच्या सायबर सुरक्षेचा आर-१५५ हा नियम २०२१ मध्ये लागू झाला आणि युरोपात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या गाडीला बंधनकारक ठरला. त्याच धर्तीवर आपल्याकडे एआयएस-१८९ चा मसुदा झाला. २०१० च्या त्या जाहीर इशाऱ्यानंतरची ही दिरंगाई मला अक्षम्य वाटते.

आता काळजी आहे ती गॅरेजवाल्यांची. ओबीडी पोर्टच्या वाटेवरच्या गेटवेला कुलूप लागलं आणि त्याची परवानगी फक्त कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला मिळाली, तर नाशिकमधल्या द्वारका किंवा अंबडच्या छोट्या मेकॅनिकचा स्कॅनर निरुपयोगी होईल. सुरक्षा हवीच, पण नोंदणी आणि ओळखपत्राच्या अटीवर त्यालाही आत जाता आलं पाहिजे. जुन्या गाड्या तर अजून कित्येक वर्षं रस्त्यावर धावणार आहेत. त्यांच्या ओबीडी पोर्टमध्ये स्वस्त ट्रॅकर कायमचा खुपसून ठेवण्याआधी, तो कुणी बनवला आणि कॅनवर काय लिहू शकतो, हे मालकाने दुकानदाराला विचारायलाच हवं.